घरचा मीडिया सर्व्हर: टीव्हीपासून उलटं चालत या

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातले सिनेमे-व्हिडिओ साठवून टीव्हीला पुरवणारं मशीन. तो कुठला घेऊ हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि खरं तर तो विचारायचा असतो शेवटी शेवटी. होतं काय, की चार डिस्कवाला भारीतला नॅस (नेटवर्कला जोडायचा तयार डिस्कचा डबा) येतो, त्यात डिस्क भरल्या जातात, रात्र घालवून सगळं सेट होतं आणि मग कळतं की हॉलमधला टीव्ही ती फाइल धड वाजवतच नाही, मधेच गोल गोल फिरत बसतो, आणि घरातले म्हणतात यापेक्षा तुझा पेन ड्राइव्ह बरा होता. म्हणून आपण उलटं जाऊ. आधी टीव्ही, मग वायर, मग डबा, मग डिस्क, मग बॅकअप. अपग्रेड करतानाही हाच क्रम, ते खाली येईलच.

टीव्हीला काय पचतं ते बघा

एक पैसा खर्च न करता सुरुवात करा. घरात जो लॅपटॉप आहे त्यावर जेलीफिन टाका, म्हणजे आपल्या फाइल टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या अशाच सॉफ्टवेअरने सोर्स कोड बंद केला तेव्हा त्यातून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट, अकाउंट-बिकाउंट काही काढावं लागत नाही. प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर पण चांगलंय, त्याची ॲप्स जास्त सफाईदार आहेत हे मान्य, पण २०२५ च्या एप्रिलपासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला तिथे पैसे लागतात, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याला मी जेलीफिनच सांगतो. एक फोल्डर करा, त्यात वेगवेगळ्या जातीच्या पाचसहा फाइल टाका, मोबाइलवर काढलेला फोरके व्हिडिओ, जुनी डीव्हीडी, एखादी एचईव्हीसीवाली (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत), एखादी डीटीएस आवाजाची, एखादी सबटायटलवाली. टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाका, एकेक फाइल लावा आणि लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडून ठेवा.

डॅशबोर्डवर चालू असलेल्या फाइलसमोर लिहिलेलं येतं, डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोडिंग, आणि ट्रान्सकोडिंग असेल तर का तेही. डायरेक्ट प्ले म्हणजे सर्व्हर नुसती फाइल उचलून टीव्हीकडे पाठवतोय, एवढं काम दहा वर्षं जुनं मशीनही हसत करतं. ट्रान्सकोडिंग म्हणजे टीव्हीला ती फाइल समजत नाही म्हणून सर्व्हर ती चालता चालता नव्याने बनवतोय. मशीन तापतं, पंखा बोंबलतो, वीज जास्त लागते. अर्थात सगळंच ट्रान्सकोडिंग जड नसतं. नुसता आवाज बदलायचा असेल (सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकलंय, तिथे हे हमखास दिसेल) तर त्यात काही दम लागत नाही. जड पडतं ते चित्र बदलणं.

चित्र बदलावं लागण्याचं एक कारण आपल्याकडे फार भेटतं आणि ते म्हणजे सबटायटल. साध्या एसआरटी फाइलचं सबटायटल टीव्हीचं ॲप स्वतः दाखवतं, प्रश्न नाही. पण ब्लूरेवरून आलेलं चित्रासारखं सबटायटल किंवा नक्षीदार एएसएस असेल तर बऱ्याचदा सर्व्हरला ते चित्रावर छापून पाठवावं लागतं, म्हणजे पुन्हा पूर्ण ट्रान्सकोडिंग. त्यात मराठी सबटायटल असेल आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन. उपाय सोपाय, नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर टाका, जेलीफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टचं फोल्डर देता येतं ते द्या, आणि एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करा.

आता या चाचणीत तुमच्या बहुतेक फाइल डायरेक्ट प्ले झाल्या तर सर्व्हरवर फार खर्च करायची गरजच नाही. नाही झाल्या तर आधी टीव्हीला एक चांगली अँड्रॉइड टीव्हीवाली स्टिक किंवा बॉक्स लावून तीच चाचणी परत करा. जुन्या स्मार्ट टीव्हीची ॲप्स दोनतीन वर्षांत म्हातारी होतात, टीव्ही मात्र दहा वर्षं टिकतो, त्यामुळे बाहेरचा बॉक्स हा कुठल्याही सर्व्हर अपग्रेडपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचा.

वायर

इथे थोडक्यात, पण टाळू नका. फोरके ब्लूरेच्या फाइलचा वेग मध्येमध्ये सव्वाशे एमबीपीएसपर्यंत उडी मारतो, आणि गंमत म्हणजे कित्येक महागड्या टीव्हींच्या लॅन पोर्टचा वेगच शंभर असतो. अशा टीव्हीला पाच गिगाहर्ट्झचं वायफाय लॅनपेक्षा बरं पडतं. सर्व्हर आणि राउटर यांच्यामध्ये मात्र वायरच हवी, तिथे वायफाय नको म्हणजे नको, कारण तिथून तीच फाइल दोनदा हवेतून जाते.

केबल टाकताना दोन गोष्टी डोळ्यासमोर करून घ्या. एक, बाजारात स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, शुद्ध तांब्याची कॅट सिक्स मागा. दुसरं, कनेक्टर मारणाऱ्याला आठही तारा मारायला सांगा. सीसीटीव्हीची कामं करणारे कित्येक जण चारच तारा मारून मोकळे होतात, कॅमेऱ्याला चार पुरतात, पण गिगाबिटला आठच्या आठ लागतात आणि चारवर गुपचूप शंभरचा वेग मिळतो. सगळं चालू दिसतं म्हणून कोणाला शंका पण येत नाही. राउटरच्या पानावर त्या पोर्टपुढे शंभर दिसतंय की हजार ते बघायचं, झालं.

डबा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. परिणाम असा की ऑफिसांनी सहाव्या-सातव्या जनरेशनची मशीनं ढिगाने बाहेर काढली, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर, आणि ती लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास जुनी मशीनं विकणाऱ्यांकडे मिळतात. आपल्याला विंडोज घालायचंच नाहीये, त्यामुळे त्यांचा तोटा तो आपला फायदा.

पण त्यातही सातवीच घ्या, सहावी नको. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक म्हणून व्हिडिओचं वेगळं सर्किट असतं, ट्रान्सकोडिंगचं ओझं ते उचलतं. सहाव्या जनरेशनमध्ये ते आठ बिटचं एचईव्हीसी उचलतं, दहा बिटचं पूर्णपणे सातव्यापासून. आणि आजकालची फोरके एचडीआर फाइल दहा बिटचीच असते. म्हणजे दिसायला दोन्ही मशीनं सेम, दुकानदाराला विचारलं तर तोही म्हणेल सेमच आहे, फरक आय-फाइव्ह ६५०० की ७५०० या एका आकड्यात. एव्ही-वन (एचईव्हीसीसारखीच आणखी नवी पद्धत) फाइल भरपूर असतील तर मात्र अकरावी जनरेशन किंवा २०२३ मध्ये आलेली एन-१०० ची छोटी मशीनं बघा, त्यांना एव्ही-वन वाचता येतं. आणखी एक, प्रोसेसरच्या नावामागे एफ अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्स नसतात, म्हणजे क्विक सिंकही नाही, तो आपल्या कामाचा नाही.

आकार कुठला? तळहाताएवढं टायनी मशीन दिसायला गोड, पण त्यात साडेतीन इंचाची डिस्क बसत नाही, मग यूएसबीवर डिस्क लटकवत बसावं लागतं. स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणजे आडवं पातळ डेस्कटॉप घ्या, त्यात साडेतीनची एक, काही मॉडेलमध्ये दोन बसतात. उघडून बघा आत किती साटा पोर्ट आहेत आणि पॉवर सप्लायमधून डिस्कसाठी किती पिना बाहेर आल्यात, कारण या कंपन्यांचा पॉवर सप्लाय बाजारातल्या साध्या सप्लायने बदलता येत नाही. पिना कमी पडल्या तर स्वस्तातलं प्लॅस्टिक ओतून बनवलेलं मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर लावू नका, त्याच्या आत तारा एकमेकांना चिकटून जळायचे प्रकार होतात. साटावरूनच फाटा काढणारी, क्रिंप केलेल्या कनेक्टरची वायर घ्या.

विजेचा हिशोब पण करून ठेवा, कारण हे मशीन चोवीस तास चालणार. जुना गेमिंग पीसी पडून आहे म्हणून तोच लावायचा मोह होतो, तो रिकामा बसला तरी साठ वॉट खातो, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. ऑफिसचं छोटं मशीन रिकामं असताना पंधरा-वीस वॉटवर राहतं, म्हणजे ११ ते १४ युनिट. महावितरणच्या बिलात तुम्ही आधीच तीनशे युनिटच्या उंबरठ्यावर असाल तर हा फरक वरच्या स्लॅबच्या दराने लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये फार वेळ घालवणार नाही. डेबियन टाका, लिनक्सची सवय नसेल तर त्यावरच उभं असलेलं ओपनमीडियावॉल्ट टाका, ब्राउझरमधून सगळं होतं. सिस्टिम छोट्या एसएसडीवर, मीडिया मोठ्या डिस्कवर, जेलीफिनचा डेटाबेस एसएसडीवर. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) जेलीफिन चालवत असाल तर कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस द्यायला विसरू नका, नाहीतर क्विक सिंक असून नसल्यासारखं. आणि डिस्क माउंट करताना एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) आणि नोफेल हा पर्याय, दोन्ही लिहा. नोफेल नसेल आणि एखादी डिस्क निघाली किंवा मेली तर लाइट जाऊन आल्यावर मशीन बूटच होत नाही, अर्ध्यात अडकून बसतं, आणि तुम्ही असता ऑफिसमध्ये.

डिस्क, म्हणजे खरा खर्च

डिस्क किती मोठी घ्यावी याचं सोपं गणित आहे. फाइलचा वेग एमबीपीएसमध्ये घ्या, ०.४५ ने गुणा, तासाला किती जीबी ते आलं. आठ एमबीपीएसची बरी एचडी फाइल म्हणजे तासाला ३.६ जीबी. मिनीडीव्ही कॅमेऱ्याची टेप उतरवलीत तर तासाला तेरा जीबी. तुमच्याकडे काय आहे त्याची बेरीज करा, दुप्पट करा, तेवढी डिस्क. चार टीबी लिहिलेल्या डिस्कवर मशीन ३.६ दाखवेल, ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि मशीन १०२४ ने.

घेताना सीएमआर (ट्रॅक सुटे सुटे) की एसएमआर ते मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे वाचायला ठीक, पण सलग मोठं लिखाण सुरू झालं की वेग एकदम बसतो. नुसते सिनेमे ठेवून बघायला चालेल, रेडसाठी (डिस्क एकत्र बांधून एक मेली तरी डेटा वाचवायची पद्धत) आणि पॅरिटीसाठी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत बनवायला ठेवलेली जास्तीची माहिती) अजिबात नको. जुनी डिस्क घेतलीत तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे बघा, रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर दोन्ही शून्य हवेत, आणि लाँग टेस्ट पूर्ण होईपर्यंत तिच्यावर एकही फोटो टाकू नका. नवीवर पण हीच टेस्ट चालवा, परत द्यायची मुदत संपायच्या आत.

फाइल सिस्टिम एक्सफॅट ठेवू नका. विंडोजलाही चालते म्हणून लोक ठेवतात, पण तिला जर्नल (लिखाणाची आगाऊ नोंद) नसतं, लिहिता लिहिता लाइट गेली की फोल्डरच गायब व्हायची शक्यता. ईएक्सटी-४ करा. फक्त एक गोष्ट आपल्याला नडते, ईएक्सटी-४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा, एकेक वेलांटी तीन तीन बाइट खाते, म्हणजे नाव ८५ चिन्हांपुरतंच. विंडोजवरून "अमुक नाटक, तमुक नट, शिवाजी मंदिर, पहिला प्रयोग" या चालीचं, पण आणखी लांबलचक मराठी नाव दिलेली फाइल कॉपी करायला गेलात की नाव फार मोठं म्हणून नकार, आणि का ते कळत नाही. नावं छोटी ठेवा. मी तर म्हणतो फोल्डरचं नाव रोमनमध्ये, कंसात वर्ष, आकडेही इंग्रजीच, म्हणजे पोस्टर आपोआप सापडतं आणि टीव्हीच्या रिमोटने शोधताही येतं. पडद्यावर दिसणारं शीर्षक जेलीफिनमध्ये जाऊन मराठी करा.

गरम जागा टाळा. टीव्हीखालचं बंद काचेचं कपाट ही डिस्क ठेवायची सगळ्यात वाईट जागा आणि लोकांना नेमकी तीच आवडते. मेमध्ये अकोला-नागपूरकडे खोलीच चाळिशीला टेकते, तिथे डिस्कसमोर एक मोठा, हळू फिरणारा पंखा लावाच. पंचेचाळीसच्या आत डिस्क राहिली की बास.

व्हीसीडी आणि कॅसेटी

आता जे खरं ठेवण्यासारखं आहे. नवे सिनेमे कुठेतरी मिळतीलच, पण घरातलं लग्न, मुंज, आजोबांची पंच्याहत्तरी, आणि शोकेसमध्ये पडलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीड्या, यातलं बरंच काही परत कुठेच मिळणार नाही. सर्व्हर चालू झाला की आधी हे उतरवा.

व्हीसीडी विंडोजमध्ये उघडलीत की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यात डॅट फाइल असते. ती तशीच कॉपी करून एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने फक्त फाइलचं बाहेरचं वेष्टन बदलून एमपीजी करायची, नवीन एन्कोडिंग करायचं नाही. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ आहे, त्यात अजून काय पिळणार, आणि तासाला साधारण सहाशे एमबी म्हणजे जागेची चिंता पण नाही. लिनक्सवर तीच फाइल कॉपी करायला गेलात तर एरर येतो, कारण व्हीसीडीचे सेक्टर वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात, तिथे व्हीसीडीएक्सरिप वापरा. ओरखडे असतील तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने सरळ पुसा, गोल गोल नाही. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्या जुन्या ड्राइव्हने वाचते कधीकधी, टाकून देऊ नका.

व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे, कोकणात आणि मुंबईत हे ठरलेलंच. ती कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडही खराब होईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागेल. ती साफ करणाऱ्याकडेच द्या. स्टुडिओत उतरवायला देत असाल तर डीव्हीडी करून घेऊ नका, मूळ कॅप्चर केलेली फाइल पेन ड्राइव्हवर मागा, आणि मिनीडीव्ही असेल तर फायरवायर केबलने काढलेली एव्हीआय असं स्पष्ट सांगा. नाहीतर ते आधी डीव्हीडीपुरतं दाबतात आणि ते दाबलेलं परत सुटत नाही.

जेलीफिनमध्ये यांची लायब्ररी सिनेमा म्हणून नको, होम व्हिडिओ म्हणून बनवा. नाहीतर तो तुमच्या मुंजीला कुठल्यातरी कोरियन सिनेमाचं पोस्टर लावून मोकळा होतो.

लाइट जाणार, वीज पडणार

यूपीएस हवाच, आणि नुसता हवा असं नाही, तो यूएसबीने सर्व्हरला जोडलेला हवा, म्हणजे नट हे सॉफ्टवेअर बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा, साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. गावाकडे आणि उपनगरात केबलवाल्याचं इंटरनेट अजून कधीकधी तांब्याच्या लॅन वायरने गच्चीवरून येतं. वळवाच्या पावसात कडाडलं की त्या वायरीतून झटका येतो आणि राउटरचा पोर्ट जातो, नशीब वाईट असेल तर पुढे जोडलेल्या मशीनचाही. त्या वायरीला थेट राउटर न लावता मध्ये एक स्वस्त स्विच टाका, मरायचा तर तो मरेल. फायबर असेल तर हा रस्ता बंदच.

बॅकअप, आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे

रेड डिस्क मेली तर वाचवतो. तुम्ही चुकून फोल्डर उडवलं, व्हायरस आला, चोरी झाली, तर रेड तेच नुकसान प्रामाणिकपणे दोन्ही डिस्कवर करतो. घरच्या मीडियासाठी मला मर्जरएफएस आणि स्नॅपरेड ही जोडी जास्त पटते. मर्जरएफएसमुळे वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकच मोठं फोल्डर म्हणून दिसतात, स्नॅपरेडमध्ये एक डिस्क पॅरिटीला, ती सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा त्याहून मोठी हवी. एखादी मेली तर बाकीच्या डिस्कवरच्या फाइल शाबूत, कारण प्रत्येक डिस्क स्वतंत्र वाचता येते. पॅरिटी रात्री ठरलेल्या वेळी अपडेट होते, म्हणून रोज बदलणाऱ्या फाइलींना ती कामाची नाही, सिनेमे-नाटकांना मस्त.

बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. सगळ्याचा नको, परवडणारही नाही. फोटो, घरचे व्हिडिओ, उतरवलेल्या कॅसेटी आणि जेलीफिनचं कॉन्फिगचं फोल्डर, एवढंच आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क बहिणीकडे ठेवा. दिवाळीत, भाऊबीजेला जाताना नवीन भरलेली न्यायची, जुनी आणायची.

बाहेरून बघायचं असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, अनेक घरं एका आयपीमागे असतात, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगचे (राउटरमधून बाहेरच्यांना वाट उघडणं) व्हिडिओ बघून डोकं फोडू नका. टेलस्केल (आपलीच मशीनं इंटरनेटवरून खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, सर्व्हरवर आणि मोबाइलवर, वैयक्तिक वापराला फुकट आहे. अमेरिकेतल्या मुलाला आजीचा व्हिडिओ बघायचा असेल तर त्याच्या टीव्ही बॉक्सवर पण टाकायचं. मग वेग ठरतो तुमच्या घरच्या अपलोडवर, तेव्हा बाहेरच्या युजरला जेलीफिनमध्ये आठ-दहा एमबीपीएसची मर्यादा घालून ठेवा. आणि हो, इथेच ट्रान्सकोडिंग खरं लागतं, सातव्या जनरेशनचे पैसे इथे वसूल होतात. जेलीफिन थेट इंटरनेटवर उघडं मात्र टाकू नका.

अपग्रेड

अडखळायला लागलं की आधी डॅशबोर्ड उघडा. ट्रान्सकोडिंग दिसलं तर टीव्हीचा बॉक्स बदला. डायरेक्ट प्ले असून अडखळतंय तर वायर किंवा वायफाय. जागा संपली तर डिस्क, आणि ती घेताना आहे त्याच्या दुप्पट तरी घ्या, नव्या मोठ्या डिस्कला पॅरिटी करा आणि जुनी पॅरिटी डेटात घाला. साटा पोर्ट संपले तर सेकंडहँड एलएसआयचं एचबीए कार्ड (जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड), आयटी मोडमध्ये (डिस्क जशीच्या तशी दाखवणारा मोड) फ्लॅश केलेलं, पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं आणि आठ डिस्क घेतं, पण ते तापतं, त्यावर छोटा पंखा लागतो आणि तेवढ्या डिस्कना मोठी कॅबिनेटही लागते. डबा बदलायची वेळ बाहेरून एकदम तीनचार जण बघायला लागले तरच येते. बदललात तर डिस्क काढून नव्यात लावायच्या, यूयूआयडी तेच राहतात, जेलीफिनचं कॉन्फिग कॉपी करायचं, फोल्डरचे पाथ जुनेच ठेवायचे, म्हणजे कोण कुठल्या भागापर्यंत बघून थांबलंय तेही जसंच्या तसं येतं.

हे झालं की मशीनवर एक कागद चिकटवा. कुठलं बटण दाबायचं, किती वेळ थांबायचं, यूपीएस बीप करत असेल तर काय, आणि बॅकअपची डिस्क कोणाकडे आहे. पासवर्ड त्यावर नको, तो घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत.